कोल्हापूरची मॅच आणि परतीचं तिकीट

नागपुरातल्या आमच्या वस्तीच्या फुटबॉल टीमला कोल्हापूरहून बोलावणं आलं तेव्हा मी ग्राउंडच्या बाजूच्या टपरीवर चहा पीत होतो. कोचनं मोबाइल वर करून दाखवला आणि पोरं ओरडली. माझा दोस्त, आमच्याच गल्लीतला शिंपी, त्यानं तर चष्मा काढून डोळे पुसले. मी चहा पीत राहिलो.

"का गा, तुले काई वाटून नाई राहिलं का?" शिंप्यानं विचारलं.

"वाटून राहिलं ना."

"मंग असा काहून बसला? थंड्या दुधासारखा?"

मी ग्लास खाली ठेवला आणि म्हटलं, चल, गाड्या पाहाव्या लागतील.

खरं म्हणजे मला काहीच वाटत नव्हतं. बायको गेल्यापासून हे असंच चाललं होतं. दुःख म्हणावं तर तेही नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग गाल आपला राहत नाही, चिमटा घेतला तरी दुसऱ्याचाच वाटतो, तसं. जेवत होतो, झोपत होतो, ग्राउंडवर जात होतो. टीम जिंकली तरी टाळ्या वाजवत होतो. हात वाजायचे, एवढंच.

कोल्हापूर म्हणजे फुटबॉलचं गाव. तिथं पेठापेठांचं वैर फुटबॉलवरून चालतं आणि मॅचला म्हाताऱ्या बायासुद्धा गच्चीवर येऊन बसतात. आमची टीम एकदाच तिथं गेली होती, माझे केस काळे होते तेव्हा. पहिल्याच मॅचला लोकांनी आम्हाला अशा शिव्या दिल्या की त्यातल्या निम्म्या आम्हाला समजल्याच नाहीत. आणि मॅच संपल्यावर त्याच लोकांनी पंगतीला बसवून रस्सा वाढला. वाढताना म्हणायचे, "खावा की, लाजताय काय." असं गाव. तिथून पुन्हा बोलावणं येणं ही लहान गोष्ट नव्हती, हे मला कळत होतं.

बाहेरगावच्या मॅचचा बंदोबस्त पहिल्यापासून माझ्याकडे. शाळा माझी चौथीत सुटली. पुढं हिंगण्याला कंपनीत लेथवर जन्म गेला, पण टीमला कुठं न्यायचं म्हटलं की शिकलेले पोरंसुद्धा माझ्याकडे येतात. कोणती गाडी, कुठं उतरायचं, उतरून कुठं झोपायचं. टीमचे पोरं कोचसोबत जातात. त्यांच्या मागून आम्ही बुढे लोक जातो. आधी आम्ही पुष्कळ होतो, आता तिघं उरलो. मी, शिंपी आणि एक बँडवाला. बँडवाला लग्नात ढोल वाजवत होता, आता फक्त मॅचला वाजवतो. त्याला ब्लड प्रेशर आहे. त्याच्या गोळ्या माझ्या पिशवीत ठेवाव्या लागतात, कारण तो ढोल विसरत नाही, गोळ्या विसरतो.

त्या आठवड्यात मी सगळं लावून टाकलं. कोल्हापूरवाल्यांनी एक मंगल कार्यालय द्यायचं कबूल केलं. गाद्या तिथल्या, चादरी आपल्या. खालचा बर्थ बँडवाल्याला, कारण तो रात्री चारदा उठतो. शिंपी मधल्यावर. मी वर. लोकांनी पुष्कळ सांगितलं की या वयात वरचा बर्थ घेऊ नका. मी म्हटलं, मला चढता येते, तुम्ही आपलं पाहा. कोल्हापूरवाल्यांना द्यायला संत्री न्यायची, दोन खोके. इथली संत्री पाहून तिकडचे लोक नरम पडतात हा आमचा जुना अनुभव. कामं होत गेली. मी नुसता हात हलवत होतो.

आता मुख्य गोष्ट सांगतो. आमच्यात एक रीत आहे. बाहेरगावच्या मॅचला जाताना परतीचं तिकीट काढायचं नाही. मॅचेस बाद पद्धतीच्या असतात, हरला तो घरी. तेव्हा परतीची तारीख आधीच ठरवायची म्हणजे कोणत्या दिवशी हरायचं ते ठरवायचं. हे कोणी बसून ठरवलेलं नाही. जबलपूरला एकदा आमच्यातल्या कोळसा डेपोवाल्यानं परतीचं तिकीट काढून ठेवलं होतं. तिसऱ्या मॅचला हाफ टाइमला तो घड्याळ पाहून उठला, पिशवी काखेत मारली आणि स्टेशनवर गेला. तो उठला तेव्हा आम्ही एका गोलानं पुढं होतो. तो गाडीत बसला तेव्हा आम्ही हरलो होतो. तो जिवंत होता तोवर लोकांनी त्याला ते ऐकवलं, आणि मेल्यावर मसणातही कोणीतरी म्हणालंच, आज बरोबर वेळेवर निघाला.

तेव्हापासून आम्ही जातानाची सीट पक्की करतो आणि येताना जनरलच्या डब्यात, संडासाजवळ पेपर अंथरून बसून येतो. त्यात आम्हाला कमीपणा वाटला नाही. माझ्या बायकोला कोणी विचारलं की तुमचे मालक कधी येणार, तर ती भाजी निवडता निवडता म्हणायची, "हरले का येते." मान वरसुद्धा करायची नाही.

ती मागच्या वर्षी थंडी सरता सरता गेली. आम्ही दोघं ओसरीत वाटाण्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. ती म्हणाली, "मी थोडं पडते," आणि आत जाऊन पडली. मी शेंगा सोलत राहिलो. सगळ्या सोलून झाल्यावर चहाचं विचारायला गेलो. तेवढंच.

मग पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. आमच्या समाजात भंतेजी येतात, वंदना होते, आणि त्यानंतर माईक लावून लोक गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतात. सोयरे बोलतात, वस्तीतले बोलतात, मंडळाचे बोलतात. बोलणारा बोलतो, ऐकणारे रडतात. चांगली रीत आहे. मीही दुसऱ्यांच्या कार्यक्रमांत बोललेलो आहे, आणि बरा बोलतो. पण त्या दिवशी माईक माझ्या हातात दिला आणि माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. दुःख नाही, शब्द नाही. मांडवभर लोक माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी माईकमध्ये म्हटलं, "सगळे जेवून जा," आणि खाली बसलो. कोणीतरी हसलं. मागून एक बाई दुसरीला म्हणाली, एक थेंब नाही आला बुढ्याच्या डोळ्यातून. मला ते ऐकू आलं. माझे कान अजून चांगले आहेत.

आता तिचं वर्ष भरत आलं होतं. कार्यक्रम रविवारी होता. आणि कोल्हापूरची पहिली मॅच त्याच्या आधीच्या सोमवारी. जिंकलो तर बुधवारी दुसरी. तीही जिंकलो तर शनिवारी सेमी फायनल, आणि फायनल बरोबर त्या रविवारी.

हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. टपरीवर शिंपी डोळे पुसत होता तेव्हाच मी मनात हा हिशोब केला होता, आणि बोलावणं आलं ते बरं झालं असं मला वाटलं होतं. वर्षभरात तेवढंच एक वाटलं.

माझी मुलगी कन्हानला दिली आहे. जावई खाणीत आहे. ती दर रविवारी बसनं येते, माझं घर झाडते, आठवडाभराची चटणी करून ठेवते. बोलावणं आल्यानंतरच्या रविवारी ती कार्यक्रमाचं बोलायला लागली. मांडव कोणाचा, खुर्च्या किती, भंतेजींना कधी भेटायचं. मेथी निवडता निवडता तिनं सहज विचारलं.

"बाबा, कोल्हापूरहून तुमी कधी येसान?"

"हरलो का येईन."

"आणि जिंकले तं?"

"तं नाई येत."

तिचा हात थांबला. "आईच्या कार्यक्रमाले तुमी नाई राहणार?"

"आताच काय सांगता येते. हरून बी जाऊ."

"मंजे आता आपली टीम हरो असं म्हणू का मी?"

ती लहानपणी माझ्या खांद्यावर बसून मॅच पाहायची. गोल झाला की माझे केस ओढायची. मी म्हटलं, "म्हण. मनातल्या मनात म्हण. पोरायले सांगू नको."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

"परतीचं तिकीट काढा," ती म्हणाली. "हे मोबाइलवर काढून देते. दोन मिनिटाचं काम हाये." हे म्हणजे जावई.

"मी परतीचं तिकीट काढत नाई. तुले माहीत हाये."

"माहीत हाये. आईले बी माहीत होतं. पण तिच्या वर्षाले तरी."

"तिनं कधी म्हटलं नाई, परतीचं काढा म्हणून."

"आता ती काय म्हणते बाबा!"

मेथी तशीच ठेवून ती उठली, पिशवी घेतली आणि गेली. बसची वेळ झाली नव्हती. मी बाकीची मेथी निवडली आणि करून खाल्ली.

ती रोज संध्याकाळी फोन करते. एकच प्रश्न असतो, जेवले का. त्या दिवसापासून फोन आला नाही. मीही केला नाही. तिनं सोडून जायचं आणि मी फोन करायचा, हे माझ्याच्यानं होत नाही. संध्याकाळ झाली की मोबाइल चार्जिंगला लावायचो, पाहायचो, भरलेला असायचा. पुन्हा लावायचो.

टपरीवर गोष्ट निघालीच. बँडवाला माझ्या बाजूचा होता. "रीत म्हणजे रीत," म्हणाला. "परतीचं तिकीट घेऊन आलेल्या माणसाच्या बाजूले बसून मी ढोल वाजवत नाई. हात नाई उठत माझा."

बँडवाला गेल्यावर शिंपी माझ्याजवळ सरकला. मग मला एकट्याला म्हणाला, "एक विचारू का? तू मॅच पाहाले जाऊन राहिला का कार्यक्रमातून पळून राहिला?"

"पळतो कायले?"

"मले काय माहीत. तुयं तोंड पाहून कोणाले काई समजते का वर्षभरापासून? पोरीले तं समजलं पाहिजे ना बे."

मी त्याच्यावर चिडलो. म्हटलं, तू कपडे शिव. तो म्हणाला, शिवतोच आहे, पोरांच्या नव्या जर्स्या रात्र-रात्र शिवून राहिलो. आणि उठून गेला. त्या दिवशी मी दुपारचं जेवलो नाही. भूक नव्हती आणि भूक नाही हेही ध्यानात आलं नाही. संध्याकाळी कन्हानच्या बसमध्ये बसलो.

कामठी गेली, नदीवरचा पूल आला. सगळ्या वाटेवर मी काय बोलायचं ते जुळवत होतो. रीतीबद्दल बोलणार होतो. बाप काय म्हणतो ते ऐकावं, यावर बोलणार होतो. मुलगी दारातच भेटली. जावई शिफ्टला गेला होता. ती म्हणाली, "या." मी आत बसलो.

"पाणी आणू का?"

"आण."

पाणी आणलं. मी प्यालो. ती समोर बसून कपड्यांच्या घड्या करायला लागली. जुळवून आणलेलं एकही वाक्य तोंडात आलं नाही. जे आलं ते दुसरंच आलं.

"मले त्या माईकची भीती वाटते," मी म्हणालो.

भीती हा शब्द मी तिच्यासमोर कधी वापरला नव्हता. ती लहान असताना कुत्र्याला भ्यायची तेव्हा मी तिला रागवायचो.

"कोणत्या माईकची?"

"मांडवातल्या. मागच्या खेपेचा पाहिला ना तू."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं रडते. ती हसत होती. "सगळे जेवून जा," माझ्यासारखा आवाज काढून म्हणाली. "बाबा, आणि सगळे खरंच जेवले. भात पुरला नाई. मलेच पुन्हा चढवा लागला."

"लोक हसले."

"मावशी हसली. म्हणे, याच्याहून जास्त हा बुढा घरात कधी बोलला हाये."

"एक जण म्हणे, थेंब नाई आला."

"म्हटलं असन."

"येत नाई वं. अजून बी नाई येत. मले वाटते मी बसलो हाओ आणि कोणीतरी दुसराच बसला हाये. तिथं पुन्हा फोटोसमोर बसाचं, सगळ्यायनं माह्याकडे पाहाचं. मले नाई जमत."

ती घडी करत होती ती तिच्या पोराची चड्डी होती. केलेली घडी तिनं मोडली आणि पुन्हा घातली.

"मले तरी कुठं येऊन राहिलं," ती म्हणाली. "त्या दिवशी रडली मी, सगळ्या बाया रडत होत्या म्हणून. घरी आल्यापासून एकदा बी नाई. वर्षभर भांडे घासून राहिली, डबे भरून राहिली. मले वाटे, तुमी तरी एकटे घरात रडत असान."

"नाई."

"मी बी नाई."

आम्ही बसलो. बाहेर कोळशाचे ट्रक जात होते. तिच्या घरात ट्रक गेला की भांडी वाजतात. मला हलकंबिलकं काही वाटलं नाही, तसं लिहिलं तर ते खोटं होईल. पण मी तिच्याकडे पाहिलं आणि ती पण माझ्यासारखीच बसलेली होती, पाठ ताठ, हात मांडीवर. हे मी वर्षभर पाहिलं नव्हतं.

"माईक तुमच्या हातात देऊ देत नाई मी," ती म्हणाली.

"मले कोणाची मेहरबानी नको."

"मेहरबानी नाई. मले एकटीले तिथं बसवून जाऊ नका, येवढंच."

मी म्हटलं, "भाजी काय केली?" जेवलो. शेवटच्या बसनं परत आलो.

दुसऱ्या दिवशी तिकिटं काढायला स्टेशनवर गेलो. शिंपी सोबत आला. जावई मोबाइलवर काढून देईल असं मुलगी म्हणाली होती, पण मी खिडकीवरच काढतो. समोरच्या माणसाच्या हातून तिकीट मिळालं की ते तिकीट असतं. मी जायचे तीन बर्थ लिहून दिले. खालचा, मधला, वरचा. काचेमागचा माणूस बटणं दाबत होता. जवानीपासून हा प्रश्न मला विचारत आले आहेत, त्यानंही विचारला.

"चाचा, वापसी का भी बना दूँ?"

माझ्या तोंडात नाही हाच शब्द तयार असतो. माझ्यामागं शिंपी उभा होता.

"एकाचं बनवा," मी म्हणालो. "शनिवारची गाडी."

शिंपी रांगेतून बाहेर गेला आणि खांबाजवळ माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मी तिकिटं घेऊन आलो.

"काढलं?"

"काढलं."

"शनिवारची गाडी कितीची हाये?"

"दुपारी तीनच्या जवळपास."

"आणि सेमी फायनल चारची."

"हो."

"म्हणजे आपले पोरं मैदानात उतरतीन आणि तू गाडीत बसून राहशीन." त्याचा आवाज चढला. "पूर्ण नागपुराले माहीत होईन. त्या कोळशेवाल्याची जागा खाली होती, आता तू घेतली."

"घेतली."

"बँडवाल्याले कोण सांगन?"

"मी सांगतो."

"तो ढोल फोडन तुह्या डोक्यावर."

"फोडू दे."

शिंपी बराच वेळ बडबडला. तिकीट परत करू म्हणाला, अजून वेळ आहे. मी म्हटलं, नाही करत. मग म्हणाला, पहिल्या मॅचपर्यंत ते तिकीट बँडवाल्याला दाखवायचं नाही आणि पोरांना तर वासही लागू द्यायचा नाही. मी म्हटलं, लपवत नाही मी काही, विचारलं तर सांगीन. तो म्हणाला, तू माणूस नाहीस, दगड आहेस. मी म्हटलं, हो. असं बोलत आम्ही स्टेशनबाहेर आलो, आणि त्यानंच मला पोहे घेऊन दिले, वर चण्याचा रस्सा जास्त टाकून, आणि स्वतः माझ्याकडे न पाहता खाल्ले.

बँडवाल्याला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. फक्त एकदा शिंप्याकरवी निरोप पाठवला की त्याच्या गोळ्या आता माझ्या पिशवीत नको, शिंप्याच्या पिशवीत ठेवा. मी काढून दिल्या. संत्र्यांचे खोके ठरलेच होते. चादरी धुऊन वाळत होत्या.

अंधार पडल्यावर मुलीला मी फोन लावला. मीच लावला. ती काही बोलायच्या आत म्हणालो, "काढलं."

पलीकडे कुकरची शिटी झाली. ती म्हणाली, "कधीचं?"

"शनिवारी तिकडून निघतो. रविवारी सांजच्याले सहाच्या सुमारास नागपूर."

"भंतेजींले मी सातची वेळ देते मंग."

"दे."

"गाडी लेट झाली तं?"

"तं स्टेशनावरून सीधा येतो," मी म्हणालो. "आंघोळ नाई, कपडे नाई. असाच येऊन तुह्या बाजूले बसतो."

"जेवले का?" तिनं विचारलं.